पर्यायी इंधनाची गाडी घ्यायला ग्राहक कशामुळे तयार होतो?

सीएनजी, हायब्रीड किंवा विद्युत गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा प्रतिकिलोमीटर स्वस्त चालते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. तरीही शोरूममध्ये गेल्यावर अनेक कुटुंबे पेट्रोलचीच गाडी घेऊन येतात. लोकांना पर्यावरणाची काळजी नाही किंवा माहिती नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. या टिपणात आपण ग्राहकाच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. ग्राहकापुढे मुळात दोन प्रश्न असतात : जास्तीचे दिलेले पैसे कधी वसूल होणार? आणि अंदाज चुकला तर नुकसान कोण सोसणार? या दोन्हींचे समाधानकारक उत्तर देणारा उपायच उपयोगी पडतो.

१. वसुलीचे अंतर

पर्यायी इंधनाच्या गाडीसाठी सुरुवातीला जास्त पैसे मोजावे लागतात आणि नंतर प्रत्येक किलोमीटरमागे थोडी बचत होते. म्हणून,

वसुलीचे अंतर = किमतीतील फरक ÷ प्रतिकिलोमीटर बचत

हिशेब सोपा व्हावा म्हणून पुढील आकडे गृहीत धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडीचे ॲव्हरेज १५ किलोमीटर असेल, तर खर्च प्रतिकिलोमीटर ७ रुपये येतो. त्याच आकाराच्या इतर गाड्यांचे चित्र असे :

- सीएनजी : ८० रुपये किलो, एका किलोत २० किलोमीटर. खर्च ४ रुपये, बचत ३ रुपये. किमतीतील फरक ९०,००० रुपये. वसुलीचे अंतर ३०,००० किलोमीटर.
- हायब्रीड : एका लिटरमध्ये २१ किलोमीटर. खर्च ५ रुपये, बचत २ रुपये. फरक २,५०,००० रुपये. वसुलीचे अंतर १,२५,००० किलोमीटर.
- विद्युत, घरी चार्जिंग : ९ रुपये युनिट, एका युनिटमध्ये ६ किलोमीटर. खर्च दीड रुपया, बचत साडेपाच रुपये. फरक ३,८५,००० रुपये. वसुलीचे अंतर ७०,००० किलोमीटर.
- विद्युत, सार्वजनिक चार्जिंग : २१ रुपये युनिट. खर्च साडेतीन रुपये, बचत साडेतीन रुपये. वसुलीचे अंतर १,१०,००० किलोमीटर.

वर्षाला १०,००० किलोमीटर गाडी चालवणाऱ्या कुटुंबाला सीएनजीचे पैसे तीन वर्षांत परत मिळतात, हायब्रीडचे मात्र साडेबारा वर्षांत. वर्षाला ५०,००० किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीला सीएनजीचे पैसे सात-आठ महिन्यांत आणि हायब्रीडचे अडीच वर्षांत सुटतात. गाडी तीच, इंधनाचे दरही तेच. उत्तर मात्र किलोमीटरवर ठरते. टॅक्सीवाले सीएनजीकडे इतक्या सहज का वळतात, ते यावरून समजते.

विद्युत गाडीच्या दोन ओळींतील फरकही पाहा. ज्याच्या पार्किंगमध्ये प्लग आहे त्याला ७०,००० किलोमीटर पुरतात; ज्याला नाही त्याला तीच गाडी १,१०,००० किलोमीटरपर्यंत तोट्यातच राहते. सोसायटीने चार्जरला परवानगी देणे हे अशा ग्राहकासाठी मोठ्या अनुदानाइतकेच मोलाचे आहे.

२. व्याज विसरू नका

वरील हिशेबात गाडी रोखीने घेतली असे धरले आहे. विद्युत गाडीसाठी लागणारे जादा ३,८५,००० रुपये ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर त्यांचा मासिक हप्ता साधारण ६,२०० रुपये येतो. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवल्यास इंधनाची मासिक बचत सुमारे ४,६०० रुपये. म्हणजे साध्या हिशेबात सात वर्षांत बरोबरीला येणारा व्यवहार प्रत्यक्षात दरमहा सुमारे १,६०० रुपयांनी तुटीत जातो. हप्ता बचतीतून भरून निघायला वर्षाला सुमारे १३,५०० किलोमीटर गाडी चालायला हवी. ग्राहक हे गणित कागदावर मांडत नसेल, पण हप्त्याचा आकडा ऐकून जो निर्णय घेतो तो बहुधा याच दिशेचा असतो.

३. फरक कमी करण्याचे मार्ग

पहिला मार्ग कराचा. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी : वसुलीचे अंतर गाडीच्या किमतीवर अवलंबून नसते, दोन गाड्यांच्या किमतींतील फरकावर असते. पूर्वी चार मीटरपेक्षा लांब हायब्रीड गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून ४३ टक्के कर होता; त्या आकाराच्या पेट्रोल गाड्यांवर ४५ ते ५० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ४० टक्के कर लागतो. दोन्ही गाड्या स्वस्त झाल्या, पण हायब्रीडला मिळणारी थोडी करसवलत संपली. विद्युत गाडीवरील जीएसटी ऑगस्ट २०१९ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि तो तसाच आहे. करापूर्वी दहा लाखांच्या गाडीवर ४० टक्के म्हणजे चार लाख आणि ५ टक्के म्हणजे पन्नास हजार. साडेतीन लाखांचे हे अंतर नसते तर विद्युत गाडी घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आलीच नसती. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला. अशा माफीमुळे आपल्या उदाहरणातील फरक एक लाखाने घटला, तर वसुलीचे अंतर १,२५,००० वरून ७५,००० किलोमीटरवर येते.

दुसरा मार्ग पैसे भरण्याची पद्धत बदलण्याचा. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ही विद्युत गाडी बॅटरीशिवाय ९.९९ लाख रुपये आणि बॅटरीचे भाडे प्रतिकिलोमीटर साडेतीन रुपये अशा पर्यायासह बाजारात आली. भाडे साडेतीन आणि घरच्या विजेचा दीड रुपया मिळून पाच रुपये होतात. पेट्रोलच्या सात रुपयांपेक्षा ते कमीच. एकूण खर्च यात नाहीसा होत नाही, तो पहिल्या दिवसावरून पुढच्या किलोमीटरांवर ढकलला जातो.

४. धोका कोणाच्या माथी? ब्राझीलचा धडा

आता दुसरा प्रश्न. ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासून इथेनॉल बनवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९७९ मध्ये केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ आली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्या मोटारींपैकी बहुसंख्य इथेनॉलवर चालू लागल्या. पुढे खनिज तेल स्वस्त झाले, साखरेला चांगला भाव येऊ लागला आणि ऊस साखरेकडे वळला. १९८९ च्या सुमारास पंपांवर इथेनॉलचा तुटवडा पडला. ज्यांच्या गाडीत दुसरे इंधन चालतच नव्हते ते अडकले, आणि पुढच्या दशकात अशा गाड्यांची विक्री जवळजवळ संपली.

२००३ मध्ये फोक्सवॅगन गोल ही फ्लेक्स-फ्यूएल गाडी आली. तिच्या टाकीत इथेनॉल, पेट्रोल किंवा त्यांचे कोणतेही मिश्रण चालते. काही वर्षांतच ब्राझीलमधील बहुतेक नव्या मोटारी अशा झाल्या. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ते भरायचे, हा नियम तिथे चालकांच्या तोंडी असतो. इंधन तेच होते, पण आता निवड दर खेपेला पंपावर करता येते. टंचाईचा धोका ग्राहकाच्या डोक्यावरून उतरला.

५. आपल्याकडील अडचणी

भारतातील अडचणीही याच जातीच्या आहेत. विद्युत गाडीत बॅटरीची भीती असते. म्हणून अनेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. सीएनजीच्या टाकीने डिकी व्यापली जाते. टाटा मोटर्सने एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवून ही तक्रार कमी केली. काही अडचणी अशा साध्या अभियांत्रिकीने सुटतात, त्यांना अनुदान लागत नाही. सीएनजी पंपावरची रांग मात्र नवा पंप आल्याशिवाय हटत नाही.

सारांश

किमतीतील फरक कमी करणे, जास्त धावणाऱ्या गाड्यांपासून सुरुवात करणे, घराजवळ चार्जिंग किंवा पंप देणे आणि हमीने धोका वाटून घेणे, या चार गोष्टी ग्राहकाला तयार करतात. यांपैकी कोणती आधी करावी, हे त्या ग्राहकाचा हिशेब कुठे अडतो यावर ठरते. टॅक्सीचालकाला रांग अडवते, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला प्लग आणि महिन्याला आठशे किलोमीटर चालवणाऱ्याला हप्ता. तिघांना एकच अनुदान दिले तर त्यातील बराच पैसा वाया जाईल.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील इंधनाचे आणि विजेचे आजचे दर घेऊन वरील चारही वसुलीची अंतरे पुन्हा काढा.
२. हायब्रीड गाडीची बचत महामार्गापेक्षा शहरात जास्त का होते? ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेच्या आधारे उत्तर लिहा.
३. ओळखीच्या एका रिक्षाचालकाला किंवा टॅक्सीचालकाला रोजचे किलोमीटर आणि इंधन भरायला लागणारा वेळ विचारा. रांगेतील वेळेची किंमत धरल्यास सीएनजीचे वसुलीचे अंतर किती बदलते?