टॅफॉनॉमी

टॅफॉनॉमी ही पुराजीवविज्ञानाची एक शाखा आहे. प्राण्याचा मृत्यू झाल्यापासून त्याचे अवशेष जीवाश्मरूपाने हाती येईपर्यंत त्यांच्यावर जे परिणाम घडतात, त्यांचा अभ्यास या शाखेत केला जातो. ग्रीक भाषेतील ‘टॅफोस’ (दफन) आणि ‘नोमोस’ (नियम) या शब्दांपासून बनलेली ही संज्ञा सोव्हिएत पुराजीवशास्त्रज्ञ इव्हान येफ्रेमॉव्ह यांनी १९४० साली मांडली. प्राचीन प्राणी कसा मेला, कोठे मेला आणि किती काळाने पुरला गेला, हे प्रश्न या शाखेच्या कक्षेत येतात.

== मृत्यूपासून दफनापर्यंत ==
मेलेल्या प्राण्याचे मांस शवभक्षक प्राणी व जिवाणू नष्ट करतात. ऊन, पाऊस व वारा यांमुळे हाडेही झिजतात. म्हणून फारच थोड्या प्राण्यांचे जीवाश्म बनतात. नदीचा गाळ, वाळू किंवा ज्वालामुखीची राख यांखाली शव लवकर गाडले गेले, तर सांगाडा टिकण्याची शक्यता वाढते.

== हाडांवरील खुणा ==
* '''सांध्यांची स्थिती''' : हाडे मूळ जागी एकमेकांना जोडलेली असतील, तर दफन त्वरित झाले असे मानतात.
* '''झीज व भेगा''' : अ‍ॅना बेहरेन्समायर यांनी केनियातील अम्बोसेली येथे आधुनिक प्राण्यांची हाडे तपासून १९७८ साली झिजेच्या अवस्था ठरविल्या. हाड किती काळ उघड्यावर पडले होते, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो.
* '''प्रवाहाचा परिणाम''' : मायकेल व्हूरहीस यांच्या प्रयोगांनुसार (१९६९) बरगड्या व मणके पाण्याबरोबर सहज वाहून जातात, तर कवटी व जबडा मागे राहतात. एखाद्या थरात केवळ एकाच गटातील हाडे असतील, तर ती पाण्याने निवडली गेल्याचा संशय येतो.
* '''दातांचे ओरखडे''' : यांवरून भक्षक किंवा शवभक्षक प्राण्याचा माग लागतो. मात्र हाड चावले गेले म्हणजे त्याच प्राण्याने शिकार केली, असे सिद्ध होत नाही.

== राखेत पुरलेला कळप ==
अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ‘अ‍ॅशफॉल’ या स्थळाचा शोध १९७१ साली व्हूरहीस यांना लागला. सुमारे १.२ कोटी वर्षांपूर्वी दूरच्या ज्वालामुखीची राख या परिसरात पसरली. तेथील पाणवठ्याच्या थरांत सर्वांत खाली कासवे व पक्षी, त्यांवर घोडे व उंट आणि सर्वांत वर ‘टेलिओसेरस’ या गेंड्यांचे सांगाडे आहेत. लहान प्राणी आधी मेले व मोठे प्राणी अधिक काळ तग धरून राहिले, असे या क्रमावरून दिसते. अनेक हाडांवर फुप्फुसांच्या विकारात होणारी असाधारण वाढ आढळते. म्हणजेच हे प्राणी राखेखाली क्षणात गाडले गेले नाहीत. राख श्वासात गेल्याने ते आजारी पडून हळूहळू मेले.

== एकत्र सापडणे म्हणजे काय? ==
दोन प्राण्यांचे अवशेष एकत्र सापडले, तरी त्यांचा जिवंतपणी संबंध होता असे नव्हे. मंगोलियात १९२३ साली अंड्यांजवळ मिळालेल्या डायनोसॉरला १९२४ मध्ये ‘ओव्हिरॅप्टर’, म्हणजे ‘अंडीचोर’, असे नाव देण्यात आले. पुढे १९९३ साली तशाच अंड्यात त्याच कुळातील भ्रूण आढळला. ज्याला चोर ठरविले, तो बहुधा त्या घरट्याचा पालक होता.

गुजरातमधील ढोली डुंगरी येथील लमेटा थरांचे उदाहरण याउलट आहे. धनंजय मोहबे यांनी तेथे शोधलेल्या घरट्यातील काही मणके सापाचे असल्याचे २००१ साली जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आले. ‘सनाजेह इंडिकस’ नावाचा हा सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून होता व शेजारी सुमारे अर्धा मीटर लांबीचे डायनोसॉरचे पिल्लू होते. शरीरांची ठेवण न विस्कटता घरटे वाळू-चिखलाखाली अकस्मात गाडले गेले. त्याच स्थळी साप व अंडी आणखीही ठिकाणी एकत्र आढळल्यामुळे साप पिल्ले खाण्यासाठी तेथे येत असावा, हे अनुमान बळकट झाले. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही लमेटा थरांत डायनोसॉरांच्या हाडांसोबत अश्मीभूत विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. ही विष्ठा कोणत्या प्राण्याची, हे मात्र प्रामुख्याने हाडांच्या सान्निध्यावरूनच ठरविले जाते.

== मर्यादा ==
कठीण हाडांचे व गाळ साचणाऱ्या प्रदेशांतील प्राणी जीवाश्मांत अधिक दिसतात. मृदू शरीराचे व डोंगराळ भागातील प्राणी क्वचितच दिसतात. त्यामुळे एखाद्या थरात प्राणी न सापडणे, हा तो तेथे नव्हता याचा पुरावा ठरत नाही. तसेच जीवाश्म थरातून काढताना त्याची दिशा, खोली व भोवतीचा गाळ यांची नोंद न झाल्यास मृत्यू व दफन यांविषयीची माहिती कायमची नष्ट होते.