संगणक जागा व्हायला वेळ का लावतो?

संपूर्ण डिस्क कूटलिपीत ठेवलेल्या संगणकांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. बटण दाबले, काळ्या पडद्यावर परवलीचा शब्द मागितला गेला, तो बिनचूक टाइप करून एंटरची कळ दाबली. आणि मग काहीच नाही! दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभरसुद्धा पडदा तसाच. यंत्र म्हातारे झाले असे समजून माणसे रॅम वाढवतात, नवी डिस्क बसवतात, तरी ही वाट पाहणे काही सरत नाही. साहजिकच आहे. हा उशीर मुळात कोणीतरी मुद्दाम घातलेला असतो.

तो का घातला, हे पाहण्यासाठी चोराच्या बाजूने विचार करू. चोरलेली डिस्क त्याच्या हाती आहे. परवलीचा शब्द त्याला ठाऊक नाही. पण एकामागून एक शब्द घालून पाहायला त्याला कोण अडवणार? समजा, शब्द आठ इंग्रजी लहान अक्षरांचा आहे. प्रत्येक जागी २६ शक्यता, म्हणजे एकूण २६ चा आठवा घात, सुमारे २०,८८३ कोटी शब्द. आकडा मोठा दिसतो, परंतु सेकंदाला कोट्यवधी शब्द तपासणाऱ्या यंत्रापुढे तो टिकत नाही. म्हणून युक्ती अशी, की एक शब्द तपासायलाच भरपूर आकडेमोड करावी लागावी. कुलपात किल्ली एकदा फिरवून भागायचे नाही, लाख वेळा फिरवावी लागायची! मालकाला हे दिवसातून एकदा करायचे, चोराला मात्र प्रत्येक खोट्या किल्लीसाठी.

ही कल्पना जुनी आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्स प्रणालीतील परवलीच्या शब्दांविषयी निबंध लिहिला. त्यात सांगितलेल्या पद्धतीत एकच कूटक्रिया २५ वेळा केली जाई. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पीबीकेडीएफ-२ या पद्धतीच्या मसुद्यात किमान १,००० आवर्तनांची शिफारस होती. यंत्रे वेगवान होत गेली तसा हा आकडाही वाढवावा लागला. विंडोजची डिस्क कूटलिपीत ठेवणारा व्हेराक्रिप्ट हा प्रोग्राम घ्या. एसएचए-२५६ ही क्रिया निवडली असेल, तर तो सुमारे दोन लाख आवर्तने करतो. त्याच्या आधीचा ट्रूक्रिप्ट याच कामी अवघी १,००० करीत असे.

चालू स्थितीतल्या संगणकाला दोन लाख म्हणजे फार नव्हे. मग सुरुवातीलाच एवढा खोळंबा का? कारण त्या वेळी विंडोज अजून झोपलेली असते. जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रात हे काम एक छोटा प्रारंभक प्रोग्राम करतो, तोही प्रोसेसरच्या १६-बिट अवस्थेत आणि एकाच गाभ्यावर. चार बैलांच्या नांगराचे काम एका बैलाने करावे, तसा हा प्रकार.

आता उपाय. व्हेराक्रिप्टमध्ये 'पिम' नावाची एक संख्या असते. वरील उदाहरणात आवर्तने = पिम × २,०४८. काही न सांगितल्यास पिम ९८ धरला जातो. गुणाकार करून पाहा, २,००,७०४ येतात. आपण तो वाढवू शकतो, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. जास्त म्हणजे सुरक्षित, असे मानून कोणी २,००० लिहिले, तर आवर्तने ४०,९६,००० होतात. पूर्वी दहा सेकंद लागत असतील, तर आता साडेतीन मिनिटांच्या आत-बाहेर. असे असल्यास ९८ वर परत यावे. निम्मे दुखणे तिथेच बरे होते.

९८ च्याही खाली जायचे असेल, तर परवलीचा शब्द २० किंवा अधिक अक्षरांचा हवा अशी अट आहे. ही अट मला फार आवडते, कारण तिच्यामागचे गणित शाळेतले आहे. पिम १ केला तर चोराचे काम ९८ पट सोपे होते. पण मनमानी निवडलेली केवळ दोन अक्षरे वाढवली, तर ते २६ × २६, म्हणजे ६७६ पट अवघड होते! आठांची वीस अक्षरे केल्यावर तर काही विचारायलाच नको. मात्र अक्षरे खरोखर मनमानी हवीत. स्वतःचे नाव आणि जन्मतारीख दोनदा लिहून वीस भरवली, तर हे गणित लागू पडत नाही.

बदलापूर्वी घड्याळ लावून एक गोष्ट तपासा. एंटर दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंतचा वेळ आवर्तनांचा. त्यानंतरही यंत्र रेंगाळत असेल, तर पिमचा दोष नाही. कदाचित एईएस, टूफिश आणि सर्पंट या तीन कूटपद्धती एकावर एक रचल्या असतील. मग डिस्कवरून वाचलेला प्रत्येक तुकडा तीनदा उलगडावा लागतो. नुसती एईएस निवडली, तर तिच्यासाठी बहुतेक आधुनिक प्रोसेसरांत खास आज्ञा असतात. पण ही पद्धत बदलायला सारी डिस्क उलगडून पुन्हा कूटलिपीत न्यावी लागते, आणि त्यात कित्येक तास जातात.

पिम बदलणे त्या मानाने क्षणाचे काम. डिस्कवरची माहिती ज्या मुख्य किल्लीने कूटबद्ध असते ती तशीच राहते. फक्त त्या किल्लीवरचे कुलूप बदलते. विंडोज सुरू असताना व्हेराक्रिप्टच्या 'सिस्टिम' यादीतून परवलीचा शब्द बदलण्याची खिडकी उघडावी आणि नवा शब्द व नवा पिम तिथेच द्यावा. त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. यापुढे सुरुवातीला शब्दाबरोबर पिमही विचारला जाईल. तो विसरलात, तर बरोबर शब्दही चालणार नाही. आपत्कालीन डिस्क नवी बनवावी आणि जुनी नष्ट करावी, कारण जुन्या डिस्कवर जुने कुलूप शाबूत असते आणि ते जुन्या शब्दाने उघडते.