घर आणि श्रद्धा (लेखांक ४) : मुलं विचारतात तेव्हा

बंगळुरूत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी ख्रिस्ती घरांत रविवारचा क्रम ठरलेला असतो. आईवडील उपासनेला बसतात, मुलं शब्बाथशाळेत जातात. कॅथलिक घरांतली मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसतात. तासाभराने मूल रंगवलेला कागद हातात घेऊन येतं आणि त्याच्या श्रद्धेची आठवड्याची सोय लागली, असं आपण धरून चालतो. शब्बाथशाळेचे शिक्षक मनापासून शिकवतात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण घराचं काम त्यांच्यावर टाकून आपण मोकळे होतो, हे मला मान्य नाही.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलं आहे, तेही घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. त्याच अध्यायात पुढे मुलगा विचारतो, हे विधी आणि नियम कशासाठी? तेव्हा बापाने त्याला मिसर देशातली गुलामी आणि तिथून झालेली सुटका सांगायची आहे. म्हणजे मूल विचारणार, हे शास्त्राने धरूनच ठेवलं आहे. यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री धाकट्या मुलाने प्रश्न विचारायचे, ही रीत आजही पाळतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली आईवडिलांनाच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटलं.

प्रश्नाला घरात जागा असली की काय होतं, ते टिळकांच्या घरात दिसतं. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं त्या दूर राहिल्या. परत आल्या तरी त्यांनी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक वेगळाच ठेवला. वाद झाले, रुसवे झाले, पण टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटलं म्हणून. मुलगा देवदत्त अशा घरात वाढला. पुढे आईची ‘स्मृतिचित्रे’ लोकांसमोर यावीत म्हणून तोच झटला, आणि नातू अशोक टिळक यांनी त्या पुस्तकाची संपादित आवृत्ती काढली. बायको असो की मूल, ज्याला विचार करायला अवकाश मिळतो त्याचीच श्रद्धा मुळं धरते, असं मला या घराकडे पाहून वाटतं.

बंगळुरूत मुलांना प्रश्न पडायला निमित्त शोधावं लागत नाही. शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकात ८ सप्टेंबरच्या सणाला भगव्या कपड्यांतल्या भाविकांची रीघ लागते. कन्नड, तमिळ, इंग्रजी अशा भाषांतून मिस्सा होतात. वांद्र्याची जत्रा पाहिलेल्या वसईकरांना ही गर्दी ओळखीची वाटते. खांद्यावर बसलेलं लेकरू विचारतं, “मारियामातेला साडी का नेसवलीय?” गर्दीतून पुढे सरकण्याच्या घाईत “नंतर सांगते” म्हणणं सोपं असतं. पण तिथेच सांगावं की इथल्या लोकांनी तिला आपली आई मानलं, आणि आपल्या आईला नेसवावं तशी साडी नेसवली. देव आपल्यांत आला, हे त्या वयाला यातून जितकं कळेल तितकं पाठांतरातून कळणार नाही.

काही प्रश्न याहून अवघड असतात. आजोबांसाठी रोज प्रार्थना केली, मग ते बरे का झाले नाहीत? इथे शिकवलेलं उत्तर देऊ नये. मलाही समजलेलं नाही, असं म्हणावं आणि तेराव्या स्तोत्राचा कर्ताही देवाला असंच विचारत होता, हे वाचून दाखवावं.

एवढं करायला लांबलचक कौटुंबिक उपासना लागत नाही. रिंगरोडच्या वाहतुकीतून आईबाबा घरी पोचायलाच साडेआठ होतात. जेवण झालं की ताटं उचलण्याआधी एक मराठी भजन, मार्काच्या शुभवर्तमानातल्या चार ओळी आणि प्रत्येकाने एकेका माणसासाठी केलेली प्रार्थना; दहा मिनिटं पुरतात. इमारतीचा वॉचमन तापाने पडला असेल तर त्याचं नाव बहुधा मुलंच घेतात. मग सकाळी त्याची चौकशी मोठ्यांनी केली पाहिजे. कामवाल्या ताईंवर ओरडून लगेच डोळे मिटणारे आईवडील मुलांच्या नजरेतून सुटत नाहीत.

वडिलांना वेगळं सांगायचं आहे. तीमथ्याच्या विश्वासाचं श्रेय पौलाने आजी लोईस आणि आई युनीके यांना दिलं. वडिलांचा तिथे उल्लेख नाही. आपल्याही अनेक घरांत प्रार्थना आईकडेच असते. या आठवड्यात निदान एक संध्याकाळ बाबांनी शास्त्र उघडावं आणि वाचून झाल्यावर मुलांना काय विचारायचं आहे, ते ऐकून घ्यावं.

(पुढील लेखांकात : चर्चला यायला नकार देणारी किशोरवयीन मुलं)