बी.एड.चा फॉर्म भरण्याआधी : मान्यता, संलग्नता आणि पदवी यांतला फरक



माघ पौर्णिमेला आमच्याकडे कचारगडची यात्रा असते. सालेकसा तालुक्यातल्या या गुहांकडे महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा अशा कितीतरी ठिकाणांहून गोंड समाजबांधव येतात. दरेकसा स्टेशनपासून धनेगावपर्यंत माणसंच माणसं. अशाच एका यात्रेत माझी जुनी विद्यार्थिनी भेटली. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. आता बी.ए. झाली आहे, घरातली पहिली पदवीधर. तिला शिक्षिका व्हायचंय.

तिने पिशवीतून एक पत्रक काढलं. त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं : "घरबसल्या बी.एड. हजेरीची गरज नाही. यूजीसी मान्यताप्राप्त विद्यापीठ." पहिला हप्ता पंचवीस हजार. वडिलांचे धानाचे चुकारे नुकतेच खात्यात आले होते आणि ते पैसे भरायला तयार होते.

"मॅडम, हे बराबर आहे का जी?" तिने विचारलं.

खरं सांगते, मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. पत्रक घरी आणलं आणि एकेक ओळ तपासली. त्यातून जे समजलं ते इथे मांडते. आपल्यापैकी अनेकांकडे गावातली मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून हा पाठ.

१) आधी माझ्याच प्रमाणपत्रापासून सुरुवात

मी डी.एड. केलेली शिक्षिका. माझ्या डी.एड.च्या प्रमाणपत्रावर कोणत्याही विद्यापीठाचं नाव नाही. कारण डी.एड. (आताचं डी.एल.एड.) ही पदविका आहे आणि तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. त्यामुळे "संलग्नता" हा शब्द डी.एड. करताना माझ्या कानावरून गेलाच नव्हता.

बी.एड. आणि एम.एड. मात्र पदव्या आहेत. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचं कलम २२ सांगतं की पदवी फक्त विद्यापीठच देऊ शकतं. म्हणजे संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. कॉलेज कितीही जुनं आणि नावाजलेलं असो, ते स्वतःच्या नावाने पदवी देत नाही.

आपल्या दहावीसारखंच बघा. मुलगा शिकतो शाळेत, पण प्रमाणपत्र मिळतं मंडळाचं. शाळेचं नाव बाजूला लिहिलेलं असतं, सही-शिक्का मंडळाचा.

२) तीन संस्था, तीन कामं

बी.एड.च्या बाबतीत तीन वेगवेगळ्या संस्थांची कामं असतात. गोंधळ होतो तो इथेच.

मान्यता : ही राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद म्हणजे एनसीटीई देते. १९९३ च्या कायद्याने ही परिषद झाली आणि १९९५ पासून काम करू लागली. अमुक कॉलेजला अमुक अभ्यासक्रम इतक्या जागांसह चालवायची परवानगी आहे, असा तिचा आदेश असतो. महाराष्ट्र आणि शेजारचं छत्तीसगड, मध्य प्रदेश ही राज्यं तिच्या पश्चिम क्षेत्रीय समितीकडे येतात.

संलग्नता : ही विद्यापीठ देतं. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, पदवीही विद्यापीठाची.

प्रवेश : महाराष्ट्रात हे काम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे आहे. परीक्षा, गुणवत्ता यादी आणि प्रवेशाच्या फेऱ्या तिथून होतात.

यात क्रमही ठरलेला आहे. एनसीटीई कायद्याच्या कलम १६ नुसार, मान्यता नसलेल्या संस्थेला विद्यापीठाने शिक्षक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी संलग्नता द्यायची नाही आणि परीक्षाही घ्यायची नाही. आधी मान्यता, मग संलग्नता, मग प्रवेश.

आता ते पत्रक पुन्हा वाचा. "यूजीसी मान्यताप्राप्त विद्यापीठ" हे वाक्य खोटं नव्हतं. विद्यापीठ खरंच यूजीसीच्या यादीत होतं. पण त्याच्या बी.एड.ला एनसीटीईची मान्यता आहे का, यावर पत्रकात एक शब्द नव्हता. खरं वाक्य छापून महत्त्वाचं वाक्य गाळलं होतं.

३) आपल्या जिल्ह्याचं विद्यापीठ कोणतं?

प्रत्येक सरकारी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र ठरलेलं असतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे आहेत. हे विद्यापीठ १९२३ चं. राष्ट्रसंतांचं नाव २००५ मध्ये जोडलं गेलं. म्हणून आईच्या पदवीवर "नागपूर विद्यापीठ" आणि मुलीच्या पदवीवर लांब नाव दिसलं तर घाबरू नका, विद्यापीठ एकच आहे.

आमच्याकडच्या मुलांचा दुसरा हमखास गोंधळ म्हणजे गोंडवाना विद्यापीठ. कचारगड हे गोंडांचं श्रद्धास्थान, जिल्ह्याचं नाव गोंदिया, मग आपलं विद्यापीठ गोंडवानाच असणार, असं मुलं धरून चालतात. पण २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालेलं हे विद्यापीठ गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी आहे. आपल्याला तिथे शिकायला जाता येतं, पण गोंदियातलं कॉलेज त्याला संलग्न नसतं.

तिसरी गोष्ट सीमेची. दरेकशाला गाडीत बसलं की बोरतलाव, पनियाजोब आणि मग डोंगरगड. अर्ध्या सकाळीत राज्य बदलतं. डोंगरगड राजनांदगाव जिल्ह्यात येतं आणि तिथली कॉलेजं दुर्गच्या हेमचंद यादव विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात. तिथलं मान्यताप्राप्त बी.एड. इकडेही चालतं, पण प्रवेशाची पद्धत त्या राज्याची असते. आपल्या राज्याचं आरक्षण आणि शिष्यवृत्ती तिथे तशीच मिळेल असं समजू नका, आधी लेखी विचारा.

४) पाटीवरचे शब्द कसे वाचायचे?

संलग्न महाविद्यालय : शिकवतं कॉलेज, पदवी देतं विद्यापीठ. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं अशीच.

स्वायत्त महाविद्यालय : अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं, पण पदवी संलग्न विद्यापीठाचीच.

अभिमत विद्यापीठ : केंद्र सरकारने यूजीसीच्या सल्ल्याने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था. पदवी स्वतः देते.

खासगी विद्यापीठ : राज्याच्या कायद्याने झालेलं. पदवी स्वतः देतं, पण यूजीसीच्या २००३ च्या नियमांप्रमाणे त्याला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. म्हणून "दूरच्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाशी संलग्न" अशी पाटी आपल्या गावात दिसली तर तिथेच थांबा.

अभ्यास केंद्र : मुक्त विद्यापीठाचं संपर्क ठिकाण. कॉलेज आणि अभ्यास केंद्र एक नव्हे.

हे सगळं कागदी वाटत असेल तर शेजारच्या छत्तीसगडचं उदाहरण घ्या. तिथे २००२ च्या कायद्याने शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं निघाली. अनेकांकडे ना इमारत होती, ना शिक्षक. यूजीसीचे माजी अध्यक्ष आणि शास्त्रज्ञ प्रा. यशपाल न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली आणि त्यांखाली उभी राहिलेली विद्यापीठं बंद झाली. तिथे शिकणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न उरलाच. त्यांच्यासाठी त्या संस्था सरकारी विद्यापीठांना संलग्न करण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. संलग्नता म्हणजे काय, हे त्या मुलांना फार उशिरा आणि फार महागात कळलं.

५) "घरबसल्या बी.एड." शक्य आहे का?

नियमित बी.एड. घरबसल्या होत नाही. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के. ही आंतरवासिता दोन वर्षांत मिळून किमान २० आठवड्यांची असते. आपण वर्गात पाऊल न ठेवता पोहायला शिकवल्यासारखं शिक्षक घडवायचं म्हटलं तर कसं जमेल?

दूरशिक्षणाने बी.एड. आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही. प्राथमिक स्तरावरचे प्रशिक्षित सेवारत शिक्षक किंवा ज्यांनी डी.एड.सारखा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केला आहे, त्यांच्यासाठीच ही वाट आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांची माहितीपत्रकं यासाठी बघावीत. म्हणजे माझ्यासारखीला ही वाट उघडी आहे. नुकत्याच बी.ए. झालेल्या माझ्या विद्यार्थिनीला नाही. नोकरीत असलेल्यांनी विभागाची पूर्वपरवानगी मात्र आधी घ्यावी.

६) मान्यता होती, पण कोणत्या वर्षी?

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाची गोष्ट. दोन वर्षं प्रामाणिकपणे कॉलेजला गेले, परीक्षा दिली, पास झाले. कागदपत्र पडताळणीच्या वेळी कळलं की त्यांच्या प्रवेशाच्या आधीच कॉलेजची मान्यता काढली गेली होती. कॉलेजने प्रवेश देताना जुनंच मान्यतापत्र दाखवलं होतं. यांनी तारीख बघितली नाही.

कायद्याचं कलम १७ इथे लागू होतं. मान्यता काढण्याचा आदेश ज्या शैक्षणिक सत्रात कॉलेजला कळतो, त्याच्या पुढच्या सत्राच्या शेवटापासून तो अमलात येतो. त्यानंतर तिथून मिळवलेली पात्रता सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. आधीपासून शिकत असलेल्या मुलांना थोडा अवधी मिळतो, नव्याने येणाऱ्याला मिळत नाही. म्हणून "मान्यता आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "माझ्या प्रवेशाच्या वर्षी, या अभ्यासक्रमाला, किती जागांसाठी आहे?" असं विचारायचं.

७) अर्ज करताना काय करायचं?

१. आपली पात्रता बघा. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४५ टक्के गुण लागतात.

२. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर बी.एड. सीईटीची नोंदणी करा. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून डिसेंबरपासून लक्ष ठेवा. परीक्षेत १०० प्रश्न असतात : मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

३. कॉलेजचं नाव दोन ठिकाणी जुळवा : एनसीटीईची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आणि विद्यापीठाची संलग्न महाविद्यालयांची यादी. नाव, पत्ता, अभ्यासक्रम तिन्ही जुळलं पाहिजे. सीईटी सेलच्या प्रवेश फेरीत ते कॉलेज दिसतं का, हेही बघा.

४. अनुसूचित जमातीच्या मुलांनी जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव लवकर टाकावा. गुण चांगले असूनही या एका कागदासाठी मुलं अडकतात.

५. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करा. वसतिगृह आणि स्वयंम योजनेची चौकशी देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा.

६. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

७. पैसे भरले की पावती घ्या. पावतीवर कॉलेजचं नाव हवं, माणसाचं नाही.

एम.एड. करणाऱ्यांनाही हेच तपासायचं आहे. तोही दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यालाही एनसीटीईची मान्यता वेगळी लागते. कॉलेजच्या बी.एड.ला मान्यता आहे म्हणून एम.एड.ला असेलच असं नाही.

८) आणखी एक प्रश्न आधी विचारा

बी.एड. कशासाठी करायचंय? पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड.चा उपयोग नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, तिथे डी.एड.च लागेल. वरच्या वर्गांना शिकवायचं असेल तर बी.एड. हवं. आधी वर्ग ठरवा, मग अभ्यासक्रम.

हे सगळं मी त्या मुलीला शाळेच्या व्हरांड्यात बसून सांगितलं. तिचे वडीलही आले होते. त्यांनी पत्रक दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे विद्यापीठ खरं, पण पदवी आमच्या कामाची नाही?" मी म्हटलं, बरोबर. हे वाक्य मलासुद्धा इतक्या सोप्या शब्दांत सुचलं नव्हतं.

पंचवीस हजार खात्यातच राहिले. मुलीने सीईटीचा फॉर्म भरला आणि वैधतेचा प्रस्तावही टाकला. पुढचं तिच्या अभ्यासावर आहे.

तुमच्या शाळेतून शिकून गेलेली मुलं अशीच पत्रकं घेऊन आली तर त्यांना ही तपासणी शिकवा. पुढच्या लेखात जात वैधतेच्या प्रस्तावाला लागणारी कागदपत्रं एकेक करून बघू.