व्यवसायाची जोडणी : नेटवर्क आणि मोबाइल सेवेची मुळाक्षरे

व्यवसाय म्हटला की भांडवल, जागा, माल आणि मनुष्यबळ या चार गोष्टींचा विचार प्रत्येक उद्योजक करतोच. कर्जाचा प्रस्ताव घेऊन बँकेत येणारा ग्राहकही या चारही बाबींचा तपशील व्यवस्थित मांडतो. मात्र ज्या एका गोष्टीवर आज त्याची रोजची विक्री, वसुली आणि हिशेब अवलंबून असतात, तिचा उल्लेख प्रस्तावात क्वचितच आढळतो. ती गोष्ट म्हणजे जोडणी, व्यवहारातल्या भाषेत ‘नेट’. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना यंत्रावर चक्र फिरत राहते आणि मग तिची आठवण होते. म्हणूनच या विषयाची मुळाक्षरे प्रत्येक व्यावसायिकाने समजून घेणे हिताचे आहे.

आपल्या देशात ही सारी व्यवस्था जेमतेम तीन दशकांची आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. हा देशातील पहिला मोबाइल संवाद मानला जातो. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘फाइव्ह-जी’ सेवेचा आरंभ झाला. एके काळी चैनीची समजली जाणारी ही सोय आता भाजीविक्रेत्याच्या हातगाडीपर्यंत पोहोचली आहे.

‘नेट गेले’ म्हणजे नेमके काय गेले?

जोडणी ही एकसंध दोरी नसून चार कड्यांची साखळी आहे. पहिली कडी दुकानाच्या आत असते : संगणक, मोबाइल किंवा कार्डयंत्र ते राउटर. दुसरी कडी राउटरपासून अथवा सिमकार्डापासून सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्रापर्यंत किंवा टॉवरपर्यंत. तिसरी कडी कंपनीच्या जाळ्यातून विशाल इंटरनेटपर्यंत. चौथी कडी म्हणजे ज्याच्याशी व्यवहार करायचा तो सर्व्हर. मग तो बँकेचा असो, वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळाचा असो किंवा पुरवठादाराचा.

कोणती कडी निसटली हे ओळखणे अवघड नाही. मोबाइलवर वाय-फायची खूण दिसते, परंतु एकही संकेतस्थळ उघडत नाही, अशा वेळी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा सुरू करावा. त्यावर काम झाले तर दोष राउटरमध्ये अथवा तारेच्या जोडणीत आहे. इतर सर्व काही उघडते आणि केवळ एकच सेवा उघडत नाही, तर दोष त्या सेवेच्या बाजूला असण्याची शक्यता अधिक. एवढी पडताळणी करून तक्रार नोंदविल्यास ती योग्य ठिकाणी पोहोचते आणि वेळ वाचतो.

टॉवर, लहरी आणि बाजाराचा दिवस

मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या प्रदेशाची विभागणी लहान लहान क्षेत्रांत करतात. अशा क्षेत्राला ‘सेल’ म्हणतात आणि प्रत्येक सेलला टॉवरवरील अँटेना सेवा पुरवतो. आपण प्रवासात बोलत असताना संभाषण एका सेलकडून दुसऱ्याकडे अलगद सोपविले जाते.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला गैरसमज पडद्यावरच्या दांड्यांविषयीचा. त्या दांड्या केवळ लहरींची तीव्रता सांगतात. टॉवरवर किती ग्राहकांचा भार आहे हे सांगत नाहीत. टॉवरची क्षमता त्या क्षेत्रातील सर्वांत वाटली जाते. म्हणूनच आठवडी बाजारात किंवा जत्रेत सर्व दांड्या भरलेल्या असूनही पैसे पाठविताना विलंब होतो.

दुसरा गैरसमज असा की, टॉवर म्हणजे सर्वस्व. टॉवरही पुढे ऑप्टिकल फायबरने अथवा सूक्ष्मलहरींच्या दुव्याने मुख्य केंद्राशी जोडलेला असतो. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटला की टॉवर उभा असूनही सेवा ठप्प होऊ शकते.

लहरींचा स्वभावही ध्यानात घ्यावा. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून तुलनेने चांगल्या आत शिरतात. फाइव्ह-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वेग अधिक देतात, परंतु त्यांचा पल्ला कमी असतो. तळघरातील गोदाम, जाड काँक्रीटची इमारत किंवा चारही बाजूंनी पत्रे असलेली शेड येथे सेवा क्षीण होते ती यामुळेच. तेव्हा गाळा भाड्याने घेण्यापूर्वी पाणी आणि वीज पाहतो, तसे आत उभे राहून दोन कंपन्यांच्या सिमकार्डांवर सेवा कशी मिळते, हेही पाहावे.

वेग आणि विलंब

इंटरनेटची जाहिरात ‘शंभर एमबीपीएस’ अशा आकड्यात केली जाते. यातील ‘बी’ म्हणजे बिट. आठ बिट मिळून एक बाइट होतो आणि आपल्या फायलींचा आकार बाइटमध्ये मोजला जातो. त्यामुळे शंभर मेगाबिटच्या जोडणीवर प्रतिसेकंद जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट माहिती उतरते. तसेच माहिती उतरविण्याचा आणि चढविण्याचा वेग काही योजनांत भिन्न असतो. हिशेबाची प्रत रोज बाहेरच्या सर्व्हरवर साठविणाऱ्यांनी, तसेच सीसीटीव्हीचे चित्र दूरवरून पाहणाऱ्यांनी चढविण्याचा वेग आवर्जून विचारावा.

वेगापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे विलंब, म्हणजे संदेश जाऊन उत्तर येईपर्यंतचा काळ. रुंद रस्ता असला तरी गाव दूर असेल तर वेळ लागतोच. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. त्याद्वारे जोडलेल्या केंद्रात संदेशाच्या जाण्या-येण्यासच सुमारे अर्धा सेकंद लागतो. दुर्गम शाखांना या मार्गाचा मोठा आधार मिळाला आहे. परंतु जेथे फायबर पोहोचतो, तेथे तोच श्रेयस्कर.

पैसे देण्या-घेण्याच्या एका व्यवहाराला प्रत्यक्षात फारच थोडी माहिती लागते. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याला अतिवेगवान योजनेपेक्षा खात्रीशीर आणि अखंड जोडणीची गरज अधिक असते. खर्च करताना हा भेद ध्यानात ठेवावा.

क्यूआर, कार्डयंत्र आणि अडकलेले पैसे

दुकानात लावलेल्या छापील क्यूआर फलकावरून पैसे येतात तेव्हा त्या व्यवहारास दुकानाचे इंटरनेट लागतच नाही. ग्राहकाच्या मोबाइलवरून निघालेली सूचना त्याच्या बँकेकडे आणि राष्ट्रीय देयक निगमाच्या यंत्रणेमार्फत आपल्या बँकेकडे जाते. दुकानातील ध्वनिसूचक डब्याला सेवा मिळाली नाही, तर केवळ घोषणा होत नाही. पैसे मात्र खात्यात आलेले असू शकतात. याउलट कार्डयंत्राचे सर्व काम दुकानाच्याच जोडणीवर चालते.

या भेदात व्यापाऱ्याचे नुकसान दोन्ही बाजूंनी दडलेले आहे. घोषणा झाली नाही म्हणून ग्राहकाला पुन्हा पैसे देण्यास सांगितले तर त्याचा रोष ओढवतो आणि परताव्याचे काम वाढते. उलट, घोषणा झाली नसता ग्राहकाच्या मोबाइलवरचे चित्र पाहून माल दिला तर फसवणुकीस वाव मिळतो, कारण असे चित्र बनावटही असू शकते. उपाय एकच : आपल्या ॲपमध्ये अथवा खात्याच्या नोंदीत रक्कम जमा झाल्याची खात्री करावी आणि त्यासाठी दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला मोबाइल गल्ल्यावर ठेवावा.

कधी कधी ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, परंतु पुढचा निरोप वाटेत हरवतो. अशा प्रसंगासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने कालमर्यादा घालून दिली. व्यापाऱ्यास दिलेल्या यूपीआय देयकाची पुष्टी झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत गेली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी १०० रुपये भरपाई देय ठरते. ही माहिती काउंटरवर शांतपणे दिली तर निम्मे वाद जागच्या जागी मिटतात.

मराठीतला लघुसंदेश

उधारीची आठवण मराठीतून पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना बिल जास्त का येते, याचे उत्तरही तंत्रात आहे. एका लघुसंदेशाची मर्यादा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट असते. इंग्रजीचे एक अक्षर सात बिटांत बसते, म्हणून १६० अक्षरे मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून ७० चिन्हेच मावतात. शिवाय काना, वेलांटी आणि अनुस्वार यांची गणना स्वतंत्र चिन्ह म्हणून होते. मर्यादा ओलांडली की एका निरोपाचे दोन संदेश होतात. यावर उपाय मराठी सोडण्याचा नसून मजकूर नेमका लिहिण्याचा आहे.

पर्यायी वाट आणि कुलूप

महत्त्वाच्या कामासाठी दोन वाटा असाव्यात आणि त्या खरोखर वेगळ्या असाव्यात. दोन कंपन्यांची सिमकार्डे घेतली तरी दोघींचे अँटेना एकाच टॉवरवर असू शकतात. म्हणून एक जोडणी तारेची आणि दुसरी मोबाइलची, ही योजना अधिक भरवशाची. वीज गेली की राउटरही बंद पडतो. त्यासाठी राउटरपुरता लहान बॅटरीसंच बसवावा. त्याचबरोबर कार्डयंत्र जुने असेल तर ते कोणत्या पिढीच्या सेवेवर चालते, हे तपासावे. केवळ टू-जीवर चालणारे यंत्र प्रत्येक कंपनीच्या सिमकार्डावर चालेलच असे नाही.

दुकानाला कुलूप लावणारा व्यापारी राउटरचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मात्र अनेकदा तसाच ठेवतो. तो प्रथम बदलावा. गिऱ्हाइकांना वाय-फाय द्यायचे असल्यास ‘अतिथी’ जोडणी स्वतंत्र ठेवावी, म्हणजे हिशेबाचा संगणक त्यापासून अलग राहील. दोन शाखांतील संगणक इंटरनेटवरून जोडायचे असतील, तर व्हीपीएनचा, म्हणजे सांकेतिक आवरण असलेल्या खासगी मार्गाचा वापर करावा.

एक धोक्याची खूण विशेषत्वाने सांगितली पाहिजे. आसपासच्या सर्वांना सेवा मिळत असताना आपल्याच मोबाइलची सेवा अचानक आणि दीर्घकाळ बंद राहिली, तर आपल्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड कोणी फसवणुकीने मिळविले असण्याची शक्यता असते. असे झाल्यास ओटीपी त्या व्यक्तीकडे जाऊ लागतात. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नये. दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीस आणि बँकेस तत्काळ कळवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

जोडणीची ही व्यवस्था डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची निगा राखायचे राहून जाते. वजनकाट्याची तपासणी आणि दुकानाचा विमा जसा ठरल्या वेळी होतो, तशीच वर्षातून एकदा या चार कड्यांची पाहणी व्हावी. पुढील वेळी खेळत्या भांडवलाच्या नूतनीकरणासाठी शाखेत याल, तेव्हा याही खर्चाचा आकडा सोबत आणावा आणि आपल्या शाखाधिकाऱ्यांशी त्याविषयी अवश्य चर्चा करावी.