मुक्कामी गाडीची भाकरी

१ जून १९४८ रोजी नगर–पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. किसन राऊत चालक होते, लक्ष्मण केवटे वाहक. लाकडी बांधणीची, तीस आसनांची गाडी. वाटेतल्या गावांनी तिचं मोठ्या कौतुकाने स्वागत केलं, अशी आठवण केवटे उतारवयात सांगत. नगर जिल्ह्यातल्या सौजन्याचा मागोवा घ्यायचा तर मला त्या गाडीपासूनच सुरुवात करावीशी वाटते. पुढची चाळीसपन्नास वर्षं या जिल्ह्यातल्या अनोळखी माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं, हे बरंचसं एसटीनेच ठरवलं.

हल्ली कुणी कुणाचे आभार मानत नाही, रामराम घालत नाही, ही तक्रार नगरच्या माळीवाड्यात ऐकू येते तशीच श्रीरामपूरच्या पेठेत आणि अकोले स्टँडवरही ऐकू येते. तक्रार खोटी नाही, पण अर्धवट आहे. आधी तिच्यातला खरा भाग सांगतो.

नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा पसारा, चौदा तालुके. कळसूबाईच्या पायथ्यापासून जामखेडच्या माळापर्यंतची गावं एकमेकांना जोडली ती एसटीने. शेवटची गाडी रात्री ज्या गावात थांबायची ती त्या गावाची ‘मुक्कामी’. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर किंवा गाडीतच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला न्यायचे. त्यांच्या जेवणाची सोय करा, असं महामंडळाने कुठल्या गावाला सांगितलेलं नव्हतं. पण गाडीचा आवाज आला की कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण निघायचं. हिवाळ्यात वाकळ यायची, सकाळी तोंड धुवायला गरम पाणी यायचं. आज आप्पांच्या घरचं, उद्या नानांच्या. ड्रायव्हरने आभार मानले आणि घरातल्या बाईने ‘असू द्या, असू द्या’ म्हटलं, असं क्वचितच घडायचं. त्याऐवजी पहाटे एखादी म्हातारी दवाखान्यासाठी काठी टेकत निघाली, तर गाडी तिच्यासाठी दोन मिनिटं थांबायची. एवढी परतफेड दोन्ही बाजूंना पुरायची.

डब्यांचंही तसंच. नगरला, संगमनेरला शिकायला खोली करून राहिलेल्या पोरांचे डबे सकाळच्या गाडीने यायचे. आई किंवा धाकटा भाऊ पिशवीवर नाव लिहून डबा ड्रायव्हरजवळ द्यायचा. पोरगा स्टँडवर तो उतरवून घ्यायचा, आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने गावी जायचा. कित्येक मास्तर, तलाठी, डॉक्टर या डब्यांवर शिकले. दिवाळीला त्या घरून फराळाची पुडी ड्रायव्हरच्या हातात पडायची. माझ्या मते या जिल्ह्यात कृतज्ञता अशीच बोलायची: वस्तू देऊन, वेळ देऊन. शेजारणीकडून आलेलं भांडं रिकामं परत जात नसे. इर्जिकीला आलेल्या औतांच्या धन्यांना पुरणाचं जेवण असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ज्याच्या मानेवर वर्षभर जू ठेवलं, त्यालाही एक दिवस आधी रीतसर बोलावणं करायचं, इतकी ही रीत खोल गेलेली आहे.

तेव्हाची पत्रं आठवा. पारनेर-अकोल्याकडची माणसं कामासाठी मुंबईला असायची, आणि त्यांच्या पोस्टकार्डावर निम्मी जागा नमस्कार-आशीर्वादांनाच जायची. वडिलांना शिरसाष्टांग, वहिनींना सा. न., लहानांना आशीर्वाद, शेवटी लोभ असावा. मजकूर जेमतेम चार ओळींचा: पैसे पाठवले, पाऊस झाला का, गाय व्याली का. पण त्या नमस्कारांत घरातलं एकही माणूस सुटायचं नाही. एखादं नाव राहिलं तर रुसवा व्हायचा, आणि तो रास्त असायचा.

आता दुसरी बाजू. जुन्या सौजन्याच्या आठवणी काढताना आपण ती हमखास गाळतो, आणि ती गाळून हा हिशेब मांडणं मला अप्रामाणिक वाटतं.

ज्या गावात मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला आदराने भाकरी मिळायची, त्याच गावात येसकराची पाळी असलेल्या महाराला दारोदार फिरून भाकरी मागावी लागायची. तो हक्क म्हणवला जायचा, पण ती मागायची दाराबाहेर उभं राहून, लांबून जोहार घालून. ‘मायबाप’ म्हणायचं आणि वरून टाकलेलं पदरात घ्यायचं. त्या नम्रतेला कुणी सौजन्य म्हणू नये, कारण तिला नकार द्यायची सोय नव्हती. याच जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ चालवला. १९१० साली सुरू झालेलं हे सत्यशोधक पत्र त्यांनी १९६७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, नेटाने काढलं. मानपान कुणाला आणि कशासाठी द्यायचा, हे प्रश्न खेड्यात बसून विचारणारा हा माणूस आपल्या जिल्ह्याचा होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९३०च्या दशकात कामठीच्या बाबू हरदास यांनी ‘जय भीम’ रूढ केला, तो इथल्या वस्त्यांतही पोचला. १९५८च्या कायद्याने येसकरासारख्या कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, आणि जोहाराचा आधारच तुटला. ते गेलं हे फार बरं झालं. त्याच्या जागी आला तो ‘जय भीम’, आणि तो घालणारा आणि स्वीकारणारा एकाच उंचीवर उभे असतात. आज जिल्ह्यात रामराम आहे, सलाम आहे, वारकऱ्यांचं रामकृष्णहरी आहे, अरणगावकडे मेहेरबाबांच्या भक्तांचं ‘जय बाबा’ आहे. ज्या शिर्डीत ‘या साई’ या म्हाळसापतींच्या स्वागताचंच नाव होऊन बसलं असं परंपरा सांगते, तिथे तर दिवसभर ‘ओम साईराम’ चालू असतं. नमस्कारांची अशी श्रीमंती असलेला जिल्हा असभ्य झालाय, असं मी म्हणणार नाही.

तोंडी आभार तर वाढलेच आहेत. कॉलेजच्या मुली गाडीतून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्यू काका’ म्हणतात. त्यांच्या आज्यांनी हे कधी केलं नव्हतं. हे मला मनापासून आवडतं.

कमी झाले ते प्रसंग. घरोघर मोटारसायकली आल्या, मुक्कामी गाड्या कमी झाल्या, मेसमुळे डबे थांबले. संकलन केंद्रावर दुधाचं फॅट यंत्र सांगतं आणि पावती बाहेर येते, बोलायची गरज पडत नाही. लग्नाच्या अक्षता घेऊन दारात येणारा, चूलबंद आमंत्रण देणारा माणूस आता मोबाइलवर पत्रिका पाठवतो आणि खाली लिहितो, हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. त्याचीही अडचण मी समजतो. हजार घरं कोण फिरणार? पण आग्रह करायला समोर माणूस लागतो.

दुसरीकडे आभारांचा जाहीर बाजार मात्र वाढला. निवडणूक झाली की चौकाचौकात ‘जाहीर आभार’चे फ्लेक्स लागतात, सभेत आभारप्रदर्शन सुरू झालं की खुर्च्या वाजतात. सगळ्यांचे एकदम मानलेले आभार कुणापर्यंत पोचत नाहीत. नगरच्या किल्ल्यात १९४४ साली नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, ते अर्पण केलं सोबतच्या कैद्यांना. प्रस्तावनेत सगळ्या सोबत्यांचं ऋण मानून चौघांचा खास नावाने उल्लेख केला: मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, असफ अली. आभार असे हवेत, नाव घेऊन.

मग आज आपण कुणाची नावं घेत नाही? २०२१च्या ऑक्टोबरात शेवगाव आगारातल्या एका एसटी चालकाने बसमध्येच जीवन संपवलं. त्यानंतर राज्यभर पसरलेला संप २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर नाही, ही त्या कामगारांची व्यथा होती. ज्यांच्या गाडीने आपले डबे पोचले, त्यांच्या घरी चूल कशी पेटते हे आपण विचारलं नव्हतं.

आणि ऊसतोड कामगार. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्याचं नशीब पालटलं. त्या साखरेमागे कोयत्यावरचे हात आहेत: पाथर्डी, जामखेड, शेवगावकडून आणि शेजारच्या बीडमधून उचल घेऊन निघालेली जोडपी. पहाटे थंडीत फडात शिरायचं, बाईने डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. फड संपला की शेतकऱ्याने टोळीला खुशीने काही द्यावं, अशी रीत होती. ऊसपट्ट्यात आता त्या ‘खुशाली’चा दर ठरतो, मागणी होते, भांडणं होतात, कारखान्यांकडे तक्रारी जातात. शेतकरी म्हणतो लूट आहे, टोळी म्हणते मजुरी पुरत नाही. मला दोघांचंही पटतं. मजुरी पुरेशी असती तर खुशाली खुशीचीच राहिली असती.

गळीत हंगाम सुरू होताना कारखान्यात गव्हाणीचं पूजन होतं आणि पाहुण्यांच्या हस्ते पहिली मोळी टाकली जाते. मी पाहिलेल्या समारंभांत अध्यक्ष, संचालक, सभासद, अधिकारी, सगळ्यांचे आभार मानले गेले. पुढच्या हंगामात ती मोळी तोडणाऱ्या एका जोडप्याला तिथे बोलवावं, त्यांच्या हस्ते ती गव्हाणीत पडावी, आणि माइकवरून त्यांचं नाव, गाव नीट वाचलं जावं. आवतण आदल्या दिवशी त्यांच्या कोपीवर जाऊन द्यावं.