आपाच्या कुर्त्याचे माप

माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, डावा स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला तेव्हा घरातल्या बायका तिला धीर देताना एकच वाक्य म्हणत होत्या. "आपल्याला काय, वरून बुरखा असतो. कोणाला कळणार?" मीही म्हटले होते. दोन महिन्यांनी आपाने त्याचे उत्तर दिले. "बुरखा रस्त्यासाठी आहे गं. दावतीत गेल्यावर तो खुंटीला लागतो. मला भीती रस्त्याची नाहीच, तुम्हा बायकांची आहे."

मी गप्प झाले. कारण खरे होते ते. जनान्यात आपण बायका एकमेकींचे कपडे, दागिने, अंगकाठी किती बारकाईने बघतो!

भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. तरी आपल्या घरांत या आजारावर बोलणे कुजबुजीत होते, आणि ऑपरेशननंतर बाईने घालायचे काय यावर तर कोणीच बोलत नाही.

डॉक्टरांनी आपाला नवा स्तन घडवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितले होते. तिला मधुमेह आहे, पुढे रेडिएशन घ्यायचे होते. ती म्हणाली, "आणखी एकदा चिरून घ्यायची माझी ताकद नाही." निर्णय तिचा होता. दुल्हाभाईंनी मान डोलावली आणि विषय संपला. सगळ्याच घरांत तो इतक्या सहज संपत नाही, हे मला ठाऊक आहे.

पहिले काही आठवडे हात वर जातच नव्हता. डोक्यावरून घालायचे सगळे कपडे कपाटात गेले आणि दुल्हाभाईंचे जुने सुती शर्ट बाहेर आले. समोर बटणे, अंगाला सैल. जखमेतून निघालेल्या नळीची पिशवी अडकवायला मी आतून एक खिसा शिवून दिला. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो, म्हणून डाव्या बाहीचे माप एक बोट जास्त ठेवायचे, घट्ट इलॅस्टिक नको, त्या हातात बांगड्या मोजक्या आणि सैल, असे ठरले. हे आजही चालू आहे.

जखम भरेपर्यंत आतून काही भरायचे झाले तर ते हलके आणि मऊच हवे. मलमलच्या कापडात कापूस भरून मी एक गादी केली. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आणला. त्याला वजन असते. एका बाजूचे वजन गेल्याने काही जणींचा खांदा वाकडा पडतो, मान-पाठ दुखते. त्यांना हे वजन उपयोगी ठरते. पण साध्या ब्रामध्ये तो बसत नाही. नमाजच्या वेळी रुकूत वाकले की पुढे सरकायचा, सजद्यात तर गळ्याशी यायचा! आपा वैतागून म्हणाली, "माझं लक्ष अल्लाहकडे राहील की याच्याकडे?"

उपाय साधा निघाला. जुन्या बनियनच्या होजिअरी कापडाचा खिसा ब्राच्या आतून शिवायचा, वरची कड थोडी उघडी ठेवायची. कृत्रिम स्तन त्या खिशात सरकवला की हलत नाही आणि घामही कापड टिपते. दुपट्टा पिनने अडकवताना मात्र जपायचे, कारण सिलिकॉनला टोचले की ते फुटते. रोज रात्री साध्या साबणाने धुऊन, पुसून ठेवायचे. मे महिन्यात घामोळे आले तेव्हा आपाने ते सरळ बाजूला ठेवले आणि विणलेला वापरला. सुती धाग्याने विणून आत कृत्रिम कापूस भरलेले हे हलके स्तन काही स्त्रिया स्वखुशीने विणतात आणि गरजूंना मोफत देतात. अमेरिकेत अशी मोठी चळवळ आहे, आपल्या देशातही आहे. कॅन्सर रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडे चौकशी करावी.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या मुली ज्या बार्बी बाहुलीशी खेळतात, ती १९५९ मध्ये बाजारात आणणाऱ्या रूथ हँडलर यांचाही एक स्तन १९७० मध्ये काढावा लागला. दुकानात मिळणारा कृत्रिम स्तन त्यांना इतका ओबडधोबड वाटला की पुढे त्यांनी स्वतःच ते बनवायला घेतले, डाव्या बाजूचा वेगळा आणि उजव्या बाजूचा वेगळा.

आता शिलाईचे. आमच्या मोहल्ल्यातल्या शिवणाऱ्या भाभींना आपाने पहिल्याच दिवशी सगळे सांगून टाकले. बरे केले, कारण न सांगता माप दिलेला आधीचा कुर्ता काखेखाली झोळीसारखा लटकत होता. भाभींनी डाव्या बाजूचा टक्स काढून टाकला आणि समोरची लांबी त्या बाजूने साधारण एक इंच कमी केली. छातीवर कापड उठायला काही नसेल तर तेवढे कापड जास्तच होते ना! गळा वर घेतला, म्हणजे वाकले तरी आतले दिसत नाही. योक घेऊन खाली चुण्या सोडल्या. कापड बारीक नक्षीचे निवडले. एकरंगी, झुळझुळीत कापडात प्रत्येक उंचसखल उठून दिसते. ज्यांचे दोन्ही स्तन काढले आहेत त्यांचे काम उलट सोपे, असे भाभी म्हणतात. टक्सच नको, सरळ पठाणी कुर्त्याचा कट छान बसतो.

एवढे सगळे केल्यावर भाच्याचा वलीमा आला. मी हौसेने सिलिकॉन, खिशाची ब्रा, पिना काढून ठेवल्या. आपाने त्या तशाच पिशवीत घातल्या. "आज नको. हे मी तुझ्यासाठी घालत होते. तू इतक्या मेहनतीने शिवलंस म्हणून."

मला राग आला, खोटे कशाला सांगू. लोक काय म्हणतील, हा माझा प्रश्न होता, तिचा नव्हता. नंतर वाचनात आले की अमेरिकेतल्या कवयित्री ऑड्री लॉर्ड १९७८ मध्ये ऑपरेशननंतर काही न भरता डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा तिथल्या नर्सने त्यांना टोकले होते, की अशाने दवाखान्याचे मनोबल खचते. ती नर्स मला ओळखीची वाटली.

वलीम्यात आपा त्या चुण्यांच्या कुर्त्यात, दुपट्टा एका खांद्यावरून सोडून बसली. एक चुलत नणंद बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी विचारलेच. आपा म्हणाली, "हो, ऑपरेशनमध्ये काढला. तू जेवलीस का?" बाई ओशाळली. पण हात धुताना तीच आपाजवळ आली आणि हळूच बोलली, "मलाही चार महिन्यांपासून एक गाठ लागते. घरात सांगितलं नाही." सोमवारी आपा तिला दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीत गाठ साधी निघाली, अल्लाहचे शुक्र.

आपाचा सिलिकॉनचा स्तन अजून डब्यात आहे. लांबच्या प्रवासात पाठ दुखते तेव्हा ती तो घालते, एरवी नाही. ईदसाठी तिने यंदा निळे कापड आणले आहे, एकरंगी. भाभींनी विचारले, "यावर दिसेल, आपा. चालेल?"

"माप नीट घे," आपा म्हणाली, "मागच्या वेळी बाही घट्ट झाली होती."